घरातल्या सामानाचा विमा: काय मिळतं, काय मिळत नाही आणि किती रकमेचा घ्यावा

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. पाणी ओसरल्यावर दारोदारी ढीग लागले: भिजून जड झालेल्या गाद्या, चिखल भरलेली वॉशिंग मशिनं, आडवे पडलेले फ्रीज, फुगून पापुद्रे सुटलेली प्लायवूडची कपाटं. बहुतेक घरांच्या भिंती उभ्या होत्या, पण आतला संसार रस्त्यावर आला होता. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली आणि कोल्हापूरने हेच पाहिलं होतं.

अशा प्रत्येक पुरानंतर घराच्या विम्याची चर्चा होते आणि महिन्याभरात विरते. ती बहुतेक इमारतीभोवतीच फिरते. आतल्या सामानाकडे फारसं कोणी वळत नाही. ज्यांनी पॉलिसी घेतलेली असते, त्यांनाही आपल्या फ्रीजला, पलंगाला, दागिन्यांना नेमकं कशापासून आणि किती रकमेपर्यंत संरक्षण आहे हे सांगता येत नाही. म्हणून या लेखात इमारत बाजूला ठेवून फक्त सामानाचं बोलू.

सामान कशाला म्हणायचं?

घर बदलताना टेम्पोत जे चढतं ते सामान आणि जे मागे राहतं ती इमारत, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंचसं काम भागतं. फर्निचर, कपडे, भांडी, टीव्ही, मिक्सर, एसी, गिझर, पंखे हे सामान. फरशी, दारं-खिडक्या, भिंतीतलं वायरिंग आणि नळांचे पाइप ही इमारत. मॉड्युलर किचन आणि भिंतीत ठोकून बसवलेली कपाटं मात्र मधली आहेत. ती कोणत्या बाजूला धरली आहेत हे पॉलिसी घेतानाच कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं. आजकाल किचनवरच दोन-तीन लाख सहज जातात आणि नुकसान झाल्यावर हा वाद घालणं अवघड असतं.

भाड्याने राहणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. इमारतीचा विमा घरमालकाचा विषय आहे, पण आतलं सगळं तुमचं आहे. फक्त सामानाचा विमा घेता येतो, त्यासाठी घर स्वतःच्या नावावर असावं लागत नाही. भाडेकरूंना हे क्वचितच कोणी सांगतं.

सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी एक पॉलिसी

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिचं नाव ‘भारत गृह रक्षा’. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती ठेवावीच लागते आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखाच असतो. सामान्य माणसासाठी हे मोठं काम झालं आहे. पूर्वी दहा कंपन्यांच्या दहा तऱ्हेच्या अटी वाचाव्या लागत. आता मूळ पॉलिसी एकदा समजून घेतली की तुलना फक्त हप्ता, जोडीला घेतलेली जादा कव्हरं आणि दावे हाताळण्याची पद्धत एवढ्यावर येते.

ही पॉलिसी आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणं, दरड कोसळणं, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, दंगल, दहशतवादी कृत्य आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून अथवा ओसंडून होणारं नुकसान भरून देते. भूकंप आणि दहशतवाद यांसाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत.

वीस टक्क्यांचा हिशोब

इमारतीचा विमा घेतला की सामानाचा विमा आपोआप मिळतो. तो इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये असतो. विमा रक्कम म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढे पैसे देईल तो आकडा. या आपोआप मिळणाऱ्या कव्हरसाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही.

ऐकायला हे पुरेसं वाटतं, पण वीस टक्के कशाचे ते पाहायला हवं. इमारतीची विमा रक्कम बाजारभावावर ठरत नाही. कार्पेट एरियाला बांधकामाच्या दराने गुणून ती काढतात. जमिनीची किंमत त्यात नसते, कारण जमीन जळत नाही. समजा, ६०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,२०० रुपये धरला. इमारतीची विमा रक्कम झाली १३ लाख २० हजार. तिचे वीस टक्के म्हणजे २ लाख ६४ हजार. फ्लॅट बाजारात ८० लाखांना विकला जात असला तरी सामानाला मिळणारं कव्हर एवढंच.

आता त्याच फ्लॅटमध्ये डोळ्यांपुढे एक फेरी मारा. फ्रीज ३५ हजार, वॉशिंग मशीन २५, टीव्ही ४०, दोन एसी मिळून ८०, पलंग आणि गाद्या एक लाख, सोफा ४० हजार, लोखंडी आणि लाकडी कपाटं ६० हजार. स्वयंपाकघरातली भांडी, शेगडी, चिमणी, मिक्सर, ओव्हन मिळून ७०. एक लॅपटॉप ६०. चौघांचे कपडे, त्यात लग्नकार्याच्या साड्या आल्या, सव्वा लाख म्हटलं तरी कमीच पडेल, तरी आपण १ लाख २० हजार धरू. बेरीज ६ लाख ३० हजार होते. सायकल, पुस्तकं, पडदे, पांघरुणं यांना तर अजून हातही लावला नाही.

म्हणजे या घराने काहीच न सांगता पॉलिसी घेतली तर निम्म्याहून जास्त सामान उघड्यावर राहतं. उपाय सोपा आहे. अर्ज भरताना सामानाचा तपशील देऊन जादा विमा रक्कम मागायची. हप्त्यात पडणारा फरक आधी विचारून घ्या. माझ्या मते घराच्या विम्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि नेमका तोच बहुतेक जण विचारत नाहीत.

किंमत लावताना वस्तू कितीला घेतली होती ते पाहू नका. तशीच वस्तू आज नवी घ्यायला किती लागतील ते धरा. भारत गृह रक्षात सामानासाठी दुरुस्तीचा खर्च किंवा तशीच वस्तू बदलून घेण्याचा खर्च हा पाया आहे. काही पॅकेज पॉलिसींमध्ये, म्हणजे अनेक कव्हरं एकत्र देणाऱ्या पॉलिसींमध्ये, मात्र घसारा कापतात, म्हणजे वस्तूच्या वयानुसार किंमत कमी करून उरलेली रक्कम देतात. सात वर्षं जुन्या टीव्हीला तिथे हातात येणारे पैसे फार थोडे असतात. भारत गृह रक्षाऐवजी दुसरी पॉलिसी सुचवली जात असेल तर घसाऱ्याचा प्रश्न सर्वांत आधी विचारा.

कमी रकमेचा विमा घेतला तर?

जुन्या पॉलिसींमध्ये एक अट असायची आणि ती लोकांना फार दुखवायची. सामान सहा लाखांचं, विमा तीन लाखांचा आणि नुकसान एक लाखाचं, तर कंपनी म्हणायची, तुम्ही निम्म्याच किमतीचा विमा काढलात, म्हणून निम्मंच नुकसान देऊ. हातात ५० हजार यायचे. भारत गृह रक्षातून ही कपात काढून टाकली आहे. वरच्या उदाहरणात पूर्ण एक लाख मिळतील. मात्र सगळं घर पाण्याखाली गेलं आणि सहाच्या सहा लाखांचं सामान गेलं, तर तीन लाखांच्या पुढे एक रुपयाही मिळणार नाही. शिवाय वेगळ्याने घेतलेल्या घरफोडीच्या कव्हरमध्ये ही जुनी अट अजूनही असू शकते, ती वाचून घ्या.

चोरीबद्दलचा मोठा गैरसमज

‘घराचा विमा आहे, म्हणजे चोरी झाली तर पैसे मिळतील’ असं बहुतेकांना वाटतं. भारत गृह रक्षाच्या मूळ पॉलिसीत ‘चोरी’ हा शब्द आहे, पण एका अटीसह. पूर, आग यांसारखी विम्यात मोजलेली घटना घडली, तिच्यामुळेच चोरी झाली आणि तीही सात दिवसांच्या आत, तरच ती भरून मिळते. पुरामुळे कुटुंब निवारा केंद्रात गेलं आणि मागे कोणी घर साफ केलं, तर दावा बसतो. दिवाळीत गावाला गेलात आणि कुलूप तोडून चोरी झाली, तर मूळ पॉलिसीत काहीही मिळत नाही.

त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, एक तर याच पॉलिसीला जोडून किंवा गृहस्थांसाठीच्या पॅकेज पॉलिसीतून. तिथेही एक शब्द नीट पाहा. घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये बळाचा वापर करून आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची अट असते: कडी तोडली, ग्रील वाकवलं, धाक दाखवला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका व्यापाऱ्याच्या दाव्यात स्पष्ट केलं, की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या अशी असेल तर बळाचा वापर दिसायला हवा, नुसती चोरी पुरेशी नाही. उघड्या दारातून मोबाइल उचलून नेला किंवा घरात काम करणाऱ्या व्यक्तीने दागिना नेला, तर हे प्रकार अशा व्याख्येत बसत नाहीत. ते हवे असतील तर साध्या चोरीचा आणि घरकामगाराकडून होणाऱ्या चोरीचा समावेश आहे का, असं थेट विचारा.

घर किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं, हेही याच वेळी विचारावं. मुलांकडे परदेशात चार-चार महिने जाणाऱ्या आईवडिलांसाठी ही अट कळीची आहे. आधी कळवून ठेवलं तर पुढचा वाद टळतो.

फ्रीज जळला, पडदेही जळले

विजेच्या उपकरणांबाबत पॉलिसीतला नियम बारकाईने समजून घ्यावा असा आहे. शॉर्ट सर्किट, विजेचा दाब वाढणं किंवा उपकरण आतून तापणं यामुळे ज्या उपकरणाचं नुकसान झालं, त्या उपकरणाचे पैसे मूळ पॉलिसीत मिळत नाहीत. पण त्यातून आग लागून ती पसरली तर बाकीच्या वस्तू कव्हरमध्ये येतात.

समजा, रात्री व्होल्टेज वर-खाली झालं आणि फ्रीजच्या मागे ठिणगी पडली. फ्रीज जळाला, शेजारची मांडणी पेटली, खिडकीचा पडदा आणि वरचं कपाट काळं पडलं. मांडणी, पडदा, कपाट आणि कपाटातल्या वस्तूंचा दावा मिळेल, फ्रीजचा मिळणार नाही. आगीशिवाय नुसता फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला तर हा दावाच होत नाही. उपकरणं बंद पडण्याचं कव्हर वेगळं मिळतं, पण वॉरंटी संपलेल्या जुन्या उपकरणांना ते बहुधा देत नाहीत.

ओलीचंही असंच आहे. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून तुमच्या पलंगावर पाणी कोसळलं तर दावा बसतो. पण दोन पावसाळे हळूहळू झिरपून कपाटाची पाठ कुजली, तर ती झीज ठरते आणि झीज कुठलीच पॉलिसी भरून देत नाही.

दागिने, रोकड, कागदपत्रं

रोख रक्कम, चेक, शेअर आणि जमिनीची कागदपत्रं, सोन्याची बिस्किटं, न जडवलेली रत्नं आणि वाहनं मूळ कव्हरमध्ये येत नाहीत. दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांना ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळा पर्याय निवडावा लागतो. तिथे किंमत आधीच कंपनीशी ठरवली जाते. त्यासाठी मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागतं. मात्र एकूण विमा रक्कम ५ लाखांपर्यंत असेल आणि कोणतीही एक वस्तू १ लाखापेक्षा महाग नसेल, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. सोन्याचा भाव वाढत असताना जुन्या मूल्यांकनावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. दर नूतनीकरणाच्या वेळी आकडा बदला.

‘आमचं सोनं लॉकरमध्ये आहे’ असं उत्तर नेहमी येतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडं ३,००० रुपये असेल तर कमाल ३ लाख. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत तेवढीही जबाबदारी बँकेवर येत नाही. घरापेक्षा लॉकर सुरक्षित आहेच, पण लॉकर हा विमा नाही. लॉकरमधल्या दागिन्यांना आपली पॉलिसी लागू होते का, हे कंपनीला विचारूनच ठरवा.

‘पण आमच्याकडे विमा आहेच की’

गृहकर्ज घेताना बँकेने काही कागदांवर सह्या घेतल्या होत्या, म्हणून अनेकांना वाटतं की घराचा विमा झालाय. ती पॉलिसी काढून पाहा. बऱ्याचदा तो कर्जदाराचा जीवनविमा असतो, कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फेडणारा. घराला आग लागली तर त्याचा काही उपयोग नाही. घराचाच विमा असला तरी तो इमारतीपुरता आणि कर्जाच्या रकमेएवढाच आहे का, ते तपासा.

सोसायटीने विमा काढला असेल तर तो इमारतीचा आणि सामायिक जागांचा असतो. तुमच्या दिवाणखान्यातला सोफा सोसायटीच्या पॉलिसीत नाही.

‘सरकार मदत देतंच ना?’

देतं, आणि ती मदत गरजेच्या वेळी येते. पण तिचा उद्देश तातडीचा आधार देण्याचा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत, घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं, तर कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० रुपये आणि भांडी-घरसामानासाठी २,५०० रुपये ठरवलेले होते. राज्य सरकार त्यात स्वतःची भर घालू शकतं. तरीही वर केलेल्या सहा लाख तीस हजारांच्या बेरजेपुढे हा आकडा ठेवून पाहा.

‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, पूर कुठून येणार?’ हाही प्रश्न रास्त आहे. तुमच्या बाबतीत पुराचा धोका खरंच कमी आहे. पण तिसऱ्या मजल्याला आग लागते, वरच्या घरातला पाइप फुटतो आणि भूकंपाला मजला कळत नाही. पुराची भीती नसेल तर पुराचं कव्हर वगळून स्वस्त पॉलिसी शोधत बसू नका, भारत गृह रक्षात हे सगळे धोके एकत्रच येतात.

‘कंपन्या शेवटी पैसे देत नाहीत’

ही शंका अनुभवातून आलेली असते, म्हणून ती झटकून टाकणं बरोबर नाही. दावे अडतात. पण ते कुठे अडतात हे पाहिलं तर बरंचसं आपल्या हातात असतं.

पहिली अडचण पुराव्याची. एका रविवारी मोबाइल घेऊन घरभर फिरा आणि सलग व्हिडिओ काढा. कपाटं उघडून, फ्रीज-टीव्हीच्या मागचा मॉडेल क्रमांक वाचता येईल असा जवळून. बिलांचे फोटो काढा आणि हे सगळं ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवा, कारण आगीत फोनही जातो. एवढी तयारी असलेल्या घराचा दावा आणि ‘बरंच काही होतं हो’ असं सांगणाऱ्या घराचा दावा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी अडचण घाईची. पाणी ओसरलं की माणूस घर धुवायला घेतो आणि ते साहजिकच आहे, घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. पण सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला येणारा परवानाधारक माणूस, येण्याआधी सगळं फेकलं तर मोजायचं काय? सडणारं काढून टाकायलाच हवं असेल तर आधी फोटो काढा आणि कंपनीला ईमेलने कळवा. उपकरणं मात्र ठेवून द्या. कंपनीला लगेच कळवा, पंचनामा होत असेल तर त्याची प्रत घ्या, आगीत अग्निशमन दलाचा दाखला घ्या. चोरीत एफआयआर लागतो आणि तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवालही लागतो. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात. तो मिळायला महिने जातात, म्हणून पोलीस ठाण्यात पाठपुरावा सुरुवातीपासून ठेवा.

नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाने विमाधारकाची बाजू बळकट केली आहे. केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही आणि दाव्याशी थेट संबंध असलेलीच कागदपत्रं कंपनीला मागता येतात. ‘हा कागद आणा, मग तो कागद आणा’ असं चाललं असेल, तर याच परिपत्रकाचा हवाला देऊन लेखी विचारा, की नेमकं काय बाकी आहे.

तरीही नकार आला किंवा फारच कमी रक्कम हातात ठेवली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रार ऑनलाइनही करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा आदेश देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुलाच राहतो. मुदत मात्र सांभाळा: कंपनीचा नकार हातात पडल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज गेला पाहिजे.